जुनी वर्तमानपत्रं चाळताना

कोकणातला विषय घेऊन प्रबंधाला बसलेली मुलं अधूनमधून विचारायला येतात. कुणाचा विषय जैतापूरचं अणुप्रकल्पविरोधी आंदोलन, कुणाचा सिंधुदुर्गातला लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, कुणाचा खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच: "पेपरातल्या बातम्या पुरावा म्हणून चालतात का?" गाइडने आधीच सांगून ठेवलेलं असतं की मूळ कागद आणा. आता मूळ कागद म्हणाल तर आपल्याकडे पुराने नेले, वाळवीने खाल्ले, नाहीतर ज्यांच्या घरी आहेत ते दाखवत नाहीत. मग उरतं वर्तमानपत्र. रत्नागिरी, चिपळूण, महाड आणि मुंबईतल्या वाचनालयांत बसून मी हेच काम करत आले आहे, म्हणून सांगते: चालतात. फक्त बातमीतून काय घडलं यापेक्षा कुणी काय सांगितलं हे जास्त खात्रीने कळतं. ते सांगणारा माणूस हुडकायची सवय आधी लावून घ्या.

रामदास बोटीचंच घ्या. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. बुडालेल्यांचा आकडा कुठे सव्वासहाशे वाचाल, कुठे सातशेच्या वर. नवखा माणूस यातला खरा कुठला म्हणून डोकं फोडत बसतो. त्यापेक्षा प्रत्येक आकडा कशाचा आहे ते विचारा. विकलेल्या तिकिटांतून वाचलेली माणसं वजा केली तर एक हिशेब होतो. किनाऱ्याला लागलेली प्रेतं मोजली तर दुसरा. गावोगावच्या घरांतून 'आमचा माणूस आला नाही' म्हणून सांगितलेलं जमवलं तर तिसरा. कडेवरचं पोर, बिनतिकीट उतारू, बोटीवरचे खलाशी या तिन्हींत सारखे धरलेले नसणारच. म्हणून कात्रणं तारखेच्या क्रमाने लावायची आणि प्रत्येक आकड्यापुढे सांगणाऱ्याचं नाव टाकायचं: कंपनी, पोलीस, बंदर खातं, वाचलेला उतारू. नाव दिलेलं नसेल तर 'नाव नाही' असं लिहायचं, तीही माहितीच आहे. आणखी एक लक्षात ठेवा. त्यानंतर महिन्याच्या आत १५ ऑगस्ट आला, फाळणी आली. पानांवरची जागा तिकडे जाणार हे उघड आहे. बातमी आतल्या पानावर गेली म्हणून लोक विसरले असं लिहून मोकळं होऊ नका, रेवस-अलिबागच्या बाजूला जाऊन विचारा.

दरवर्षी जुलैत जे स्मरणलेख येतात त्यांची फाइल मात्र वेगळी ठेवा. ते बहुधा एकमेकांवरून उतरवलेले असतात. दहा कात्रणांत तोच आकडा आणि तीच चूक सापडली तर ते दहा पुरावे नाहीत, एकच आहे.

बातमीच्या सुरुवातीला कंसात जे असतं ते सगळेच गाळून वाचतात: वार्ताहर, प्रतिनिधी, खास प्रतिनिधी, वृत्तसंस्था. ते आधी वाचा. कोकणातला तालुका वार्ताहर पूर्णवेळ पत्रकार क्वचितच असतो. तो शिक्षक असतो, पेपरची एजन्सी चालवणारा असतो, बाजारपेठेत त्याचं दुकान असतं. जाहिराती आणायचं कामही त्याच्याच गळ्यात असतं, त्यामुळे ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या अर्ध्या पानावर त्याचं कमिशन आहे, त्याच्याविरुद्धची बातमी तो कितपत ताणणार? म्हणून मी जाहिरातीही उतरवून घेते. निवडणुकीच्या महिन्यांत तर बातमीइतकंच लक्ष जाहिरातीकडे ठेवावं लागतं. २००९ च्या विधानसभेवेळी महाराष्ट्रात पेड न्यूजवरून, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरून, गदारोळ झाला, तेव्हा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत शब्दन् शब्द तोच मजकूर छापून आल्याचं उघड झालं होतं. अर्थात मजकूर सारखा दिसला की लगेच पैशांचा वास घेऊ नका. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट चारही पेपरांत जशीच्या तशी लागते, त्यात लपवाछपवी काही नाही. फक्त चार पेपरांनी दुजोरा दिला असं प्रबंधात लिहू नका म्हणजे झालं.

या वार्ताहरांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांना त्याच गावात राहायचं असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात रिफायनरीबद्दल लिहिणाऱ्या पत्रकाराला गाडीने चिरडलं आणि खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. एखादा विषय स्थानिक पानावर का आला नाही याची कारणं शोधताना हेही ध्यानात असू द्या.

बातम्या मोजून तक्ते करणाऱ्यांसाठी एक खास कोकणी अडचण आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या मुंबईच्या पेपरांत कोकणातला मजकूर महिन्यागणिक मोजलात तर पावसाळ्यात तो उतरलेला दिसेल. लगेच 'पावसाळ्यात सामाजिक हालचाल मंदावत असे' असलं वाक्य लिहायचा मोह होतो. हालचाल मंदावतही असेल, पण त्याआधी हे बघा की किनाऱ्याच्या लांब पल्ल्याच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत आणि घाटरस्ते बेभरवशाचे. वार्ताहराचं पत्र पोचलं नाही तर बातमी कुठून येणार? गणपतीच्या सुमारास अचानक सगळं घडायला लागतं, ते यामुळेही असू शकतं.

आरोग्याचा विषय घेतलेल्यांनी जास्तच सांभाळून राहायला हवं. भातलावणीच्या दिवसांत 'लेप्टोचा आणखी एक बळी' असा मथळा येतो. आत वाचलं तर रुग्ण 'लेप्टोसदृश तापाने' गेलेला असतो आणि रक्ताचा अहवाल यायचा असतो. अहवाल आल्यावर त्याची बातमी होईलच असं नाही, निगेटिव्ह आला तर नाहीच. म्हणजे फक्त मथळे मोजून आलेख काढलात तर तो रोगाचा आलेख होत नाही, धास्तीचा होतो. धास्तीचा आलेखही उपयोगी असतो, पण त्यावर नाव तसं लिहा. माझ्या रजिस्टरमध्ये 'संशयित' आणि 'तपासणीत निश्चित' असे दोन रकाने आहेत, आणि तिसरा 'बातमीत स्पष्ट नाही'. भरतो तो तिसराच.

मग आरोग्यात बातमीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण आपण शोधतो तिथे नसतो. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप पसरला, पुढच्या वर्षी बांद्याकडे. हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ मध्ये कर्नाटकात, शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात. गोचिडींतून पसरतो, आणि माणसांआधी बऱ्याचदा माकडं मरतात. त्यामुळे पाच ओळींची, एका कॉलमची 'काजूबागेत माकडं मृतावस्थेत' अशी बातमी संशोधकाला पहिल्या पानावरच्या मृत्यूंच्या आकड्याइतकीच मोलाची. तारीख आणि वाडीचं नाव नकाशावर टाका, मग आरोग्य खात्याची नोंद कधीपासून सुरू होते ते बघा. सरकारलाही हे ठाऊक आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात २००८ पासून दिल्लीत बातम्या चाळणारा स्वतंत्र कक्ष आहे. तो साथीची बातमी उचलतो आणि खरी की खोटी ते जिल्ह्याकडून तपासून घेतो.

बातमीच्या मर्यादेसाठी महाडचं उदाहरण देते. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं ते रुग्णाशेजारी बसून केलेल्या नोंदींवरून. पेपरची कितीही कात्रणं जमवली असती तरी ते सापडलं नसतं. मात्र विंचू चावलेलं पोर किती तासांनी दवाखान्यात पोचलं, आधी मांत्रिकाकडे नेलं का, वाटेत साकव वाहून गेला होता का, हे केसपेपरवर नसतं आणि बातमीत बरेचदा असतं.

इतिहास आणि राजकारणाकडे वळायचं तर पेपर कुणाचा हा प्रश्न टाळता येत नाही. पत्रकारितेचा आपण अभिमान बाळगतो, बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, टिळक रत्नागिरीत जन्मलेले. पण महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा आणि बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' सुरू झालं ३ एप्रिलला, जेमतेम दोन आठवड्यांनी. या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. इतरांच्या पेपरांत आपली बाजू कशी येते याचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने काढलेला तो पेपर आहे. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ संप चालवला, त्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनीही 'कृषीवल' काढला. महाडचा किंवा चरीचा अभ्यास एकाच बाजूच्या फायलींवर केलात तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल, आणि अडकायलाच हवं.

रत्नागिरीच्या जुन्या छोट्या पत्रांचे अंक फार थोडे टिकले. त्यांच्यापर्यंत पोचायची एक मागची वाट आहे: ब्रिटिश सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला छापून अधिकाऱ्यांना वाटत असे. मुंबई इलाख्याचे हे अहवाल राज्य पुराभिलेखागारात बघायला मिळतात. पत्राचं नाव, गाव, कधी कधी खपसुद्धा दिलेला असतो. पण निवड सरकारी नजरेची. राजद्रोहाचा संशय येईल ते नेमकं उचललेलं, आणि तालुक्यातल्या पाण्याच्या भांडणाला कात्री लागलेली. १८९६-९७ च्या प्लेगवर काम करताना हे फार जाणवतं. मुंबई सोडून कोकणात पळालेल्या माणसांचं गावात काय झालं, कुणी वेशीवर अडवलं का, यापेक्षा सरकारच्या तपासणी पथकांवरची टीका तिथे भरभरून सापडते.

आता शोधण्याबद्दल थोडं. स्कॅन केलेल्या मराठी अंकांत शब्द टाकून शोधायच्या भरवशावर राहू नका. 'कांहीं', 'नाहीं' अशा जुन्या अनुस्वारांनी शोध फसतो, आणि पुसट छपाईत तर काहीच मिळत नाही. नावंही बदललेली आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधी शोधलंत तर मालवणचा किल्ला तेवढा मिळेल. रायगडसाठी कुलाबा शोधा, आणि मुंबईतला कुलाबा त्यातून वेगळा काढा. अलीकडच्या काळासाठी आवृत्ती लिहायला विसरू नका. 'पुढारी'ची किंवा 'तरुण भारत'ची रत्नागिरी-सिंधुदुर्गची पानं मुंबई-पुण्याच्या वाचनालयात मिळतीलच असं नाही. ई-पेपरची लिंक काही महिन्यांत मरते, तेव्हा पान उतरवून ठेवा आणि फाइलीच्या नावातच पेपर, आवृत्ती, तारीख, पान टाका. संकेतस्थळावरचा मथळा दिवसभरात बदलतो, छापील अंक दुसऱ्या दिवशीचा असतो. तारखांचा घोळ इथेच होतो.

रुग्णांची नावं पेपरात छापलेली असली तरी प्रबंधात घालू नका. वाडी लहान असेल तर वाडीचंही नाव नको, तालुका पुरे.

वाचनालयात जाताना कॉलेजचं पत्र न्या, आधी फोन करा, आणि जमलं तर दिवाळीनंतर जा. पावसात बांधीव खंडांची पानं दमटून चिकटतात, ग्रंथपालही उघडू देत नाहीत आणि त्यांचं बरोबर असतं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांनी झोडपलं. तिथे किंवा कुठेही फोटो काढलेत तर एक प्रत पेनड्राइव्हवर घालून वाचनालयाला देऊन या. पुढच्या खेपेला बंद कपाटाची किल्ली लवकर मिळते.