गावावरून नंबर, नंबरावरून गाव: दुहेरी क्रमवार मॅप कसा बांधावा

खान्देशात गाडीची पाटी पाहून शाळकरी पोरंही सांगतात: १८ म्हणजे धुळे, १९ जळगाव, ३९ नंदुरबार. गाव विचारलं तर नंबरही तोंडावर. प्रोग्राममध्ये असंच दोन्हीकडून शोधता यावं आणि दोन्ही याद्या क्रमाने मिळाव्यात, तर दुहेरी क्रमवार मॅप लागतो. मॅप म्हणजे एका किल्लीवरून तिची किंमत देणारी यादी, इथे नंबरावरून गाव; क्रमवार म्हणजे किल्ल्या क्रमाने लावलेली.

आधी बघा, नातं एकास एक आहे का? पिनकोडसारखी एका नंबराखाली अनेक गावं येत असतील, तर हा मॅप तिथे चालणार नाही.

आता दोन क्रमवार मॅप घ्या: 'नंबरगाव' आणि 'गावनंबर'. जावा या प्रोग्रामिंग भाषेत ट्रीमॅप नावाचा असा मॅप तयारच मिळतो. तो आतून रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे स्वतःला समतोल ठेवणारं शोधझाड, असतो, त्यामुळे दहा लाख नोंदींतही साधारण २० तुलनांत, फार तर ४० मध्ये, उत्तर सापडतं. दोन्ही मॅप खासगी ठेवा. बाहेरच्या कोडला फक्त 'टाक' आणि 'काढ' द्या.

'टाक' लिहिताना घाई करू नका. समजा १९ वर जळगावऐवजी पारोळा टाकायचं आहे. पहिल्या मॅपमध्ये नाव बदलतं, पण दुसऱ्यात 'जळगाव → १९' तसंच राहतं. मी एका ट्रान्सपोर्ट कचेरीसाठी गावकोड लिहिले तेव्हा हेच चुकलो होतो, आणि जळगावच्या बिल्टीवर पारोळा छापून आलं. म्हणून क्रम असा ठेवा:

१. हा नंबर आधी असेल, तर त्याचं जुनं गाव 'गावनंबर'मधून काढा.
२. हे गाव आधी असेल, तर त्याचा जुना नंबर 'नंबरगाव'मधून काढा.
३. मगच नवी जोडी दोन्हीकडे टाका.

जुनी जोडी गुपचूप पुसली जाणं परवडणारं नसेल, तर १ आणि २ च्या जागी सरळ एरर द्या. पैशाच्या हिशेबात मी तेच करतो.

नावांचा क्रम मात्र यंत्राच्या भरवशावर सोडू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ळ हा ल आणि व यांच्या मधे बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे यंत्र पळासनेर आधी लावतं आणि पहूर नंतर, आपल्याला हवं ते नेमकं उलट. 'गावनंबर'ला आयसीयू (ICU) या युनिकोडच्या तयार कोडसंग्रहातली मराठी क्रमवारी द्या. तिच्या लेखी दोन वेगळी नावं समान ठरली, तर साध्या अक्षरतुलनेने निकाल लावा, नाहीतर ट्रीमॅप त्यांना एकच समजेल.

एवढं जमलं की १८ ते ३९ मधली गावं 'सबमॅप'ने मिळतात, आणि २५ किंवा, तो नसेल तर, त्याच्या लगेच खालचा नंबर 'फ्लोअरकी'ने: १९, जळगाव.