तोंड उघडण्याचे व्यायाम करताना या चुका टाळा

अक्कलदाढ काढल्यावर, सुपारीच्या जुन्या सवयीमुळे किंवा तोंडाच्या कर्करोगावरील किरणोपचारानंतर जबडा आखडला, की माणूस आधी घाबरतो आणि मग घाई करतो. पुढच्या बहुतेक चुका या घाईतूनच होतात.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे कारण न शोधता व्यायामाला लागणे. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी आत मावतात. ती मावत नसतील तर जबडा आखडला आहे असे समजावे. मात्र सोबत ताप, गालावर सूज किंवा गिळायला त्रास असेल तर दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो आणि अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसून मानही ताठरू लागली तर धनुर्वाताची शंका घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे.

दुसरी चूक जोर लावण्याची. दातांत चमचा अडकवून जबडा खाली रेटला, की स्नायू स्वतःच्या बचावासाठी अधिकच घट्ट होतात, शिवाय सगळा भार पुढच्या दातांवर येतो. त्यापेक्षा आइस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्या बऱ्या. सहज मावतील तेवढ्या काड्यांची गड्डी दातांमध्ये आडवी धरावी, मग गड्डीच्या मधोमध आणखी एक काडी हलकेच सरकवावी आणि ३० सेकंद थांबावे. असे एका वेळी पाचदा, दिवसातून पाच वेळा. ओढ जाणवली पाहिजे, कळ येता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळीही जबडा ठणकत असेल तर एक काडी कमी करावी. सकाळी एकदाच अर्धा तास झटण्यापेक्षा दिवसभरात विभागलेली ही थोडी थोडी ओढ स्नायूंना अधिक मानवते.

व्यायामाआधी गरम पाण्यात पिळलेल्या रुमालाने दहा मिनिटे शेक घ्यावा. किरणोपचार झालेल्या त्वचेवर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक देऊ नये. आरशात पाहून हनुवटी एका बाजूला वळत नाही ना, हे तपासावे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, किती काड्या मावल्या ते वहीत लिहावे, कारण रोजच्या अंदाजावर विसंबले तर एक-दोन मिलिमीटरचा फरक लक्षातच येत नाही.

खर्रा, मावा, गुटखा खाणाऱ्यांची एक चूक मला फार अस्वस्थ करते. तंबाखू सोडली म्हणून ते निर्धास्त होतात आणि ‘साधी’ सुपारी चालू ठेवतात. गालाच्या आतले अस्तर राठ करून तिथे तंतूंचे पट्टे तयार करते ती सुपारीच, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. व्यायामाने हे पट्टे विरघळत नाहीत, फक्त उरलेली हालचाल टिकवता येते. सुपारी चालू असेल तर तीही टिकत नाही. तिखट खाताना आग होणे किंवा गालावर पांढरट चट्टा दिसणे, यांपैकी काहीही असल्यास दंतवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी.

शेवटची चूक लवकर थांबण्याची. दाढ काढल्यावरचा आखडलेपणा बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. किरणोपचारानंतरचा मात्र कित्येकदा काही महिन्यांनी, सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच सुरू होतो. म्हणून या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू होण्याआधीच व्यायामाला प्रारंभ करावा आणि तोंड नीट उघडत असले तरी पुढे दीर्घकाळ तो चालू ठेवावा.