मायक्रोकंट्रोलरची पिन जळू नये म्हणून काय कराल?

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप, बसवलेला बोर्ड चालू होतो, प्रोग्रॅमही चढतो, पण सिग्नल आत-बाहेर नेणारी एक पिन जळालेली असते आणि काही केल्या काम करत नाही. शिकणाऱ्या मुलाचा उत्साह इथेच मावळतो, म्हणून जोडणी करण्याआधीच ही काळजी घ्या.

पहिल्यांदा दोन आकडे वहीत लिहा. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपला एका पिनवर ४० मिलिअँपिअर ही सोसण्याची शेवटची मर्यादा आहे. रोजच्या कामाला २० धरा. पिनवरचा व्होल्टेज सप्लायपेक्षा ०.५ व्होल्टहून जास्त वर किंवा ग्राउंडपेक्षा ०.५ व्होल्टहून जास्त खाली जाऊ देऊ नका. ईएसपी३२ ही ३.३ व्होल्टची चिप, तिला ५ व्होल्टचा सिग्नल थेट देऊ नका.

आता आउटपुट. एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर लावला की काम झालं. रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) मात्र पिनवर थेट कधीच नको: ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइलसुद्धा साधारण ७० मिलिअँपिअर खेचते. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला, पिन आणि ट्रान्झिस्टरचा बेस (त्याला चालू-बंद करणारा पाय) यांच्यात १ किलोओहमचा रेझिस्टर. कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, पट्ट्याची बाजू प्लसकडे. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, तो हा डायोड गिळतो.

इनपुटची बाजू जास्त फसवी आहे. बहुतेक चिपमध्ये प्रत्येक पिनला आतूनच दोन संरक्षक डायोड असतात, पण ते अगदी नाजूक. त्यांच्यातून १ मिलिअँपिअरपेक्षा जास्त जाऊ देऊ नये. म्हणून सिग्नल आणि पिन यांच्यामध्ये १० किलोओहम लावा. चुकून १२ व्होल्ट लागले तरी उनोच्या पिनमध्ये सुमारे ०.६५ मिलिअँपिअरच शिरेल. दहा-वीस पैशांचा नाही, पण रुपया-दोन रुपयांचा हा रेझिस्टर अख्खी चिप वाचवतो! आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बोर्डाची पॉवर बंद आणि सेन्सर मात्र चालू, अशा वेळी सिग्नल याच डायोडमधून शिरून चिपला मागच्या दाराने वीज देतो. चिप अर्धवट जागी राहते, भलतंच वागते. तिथेही हाच रेझिस्टर कामी येतो.

एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची इको पिन (सिग्नल बाहेर देणारी) ५ व्होल्टची असते. ईएसपी३२ला जोडताना इकोपासून पिनपर्यंत १ किलोओहम आणि पिनपासून ग्राउंडला २ किलोओहम लावा, ३.३ व्होल्ट मिळतील.

वायर लांब असेल, मोटरजवळून जात असेल किंवा सिग्नल २४ व्होल्टचा असेल, तर पीसी८१७ ऑप्टोकपलर वापरा; तो आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेतो आणि दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवतो. त्याच्या एलईडीला २४ व्होल्टसाठी अर्ध्या वॉटचा २.२ किलोओहम लागतो. दोन्ही बाजूंचे ग्राउंड मात्र जोडू नका; जोडले तर वेगळेपणच संपलं.

शेवटी, पिनची वायर मोकळी ठेवून सगळ्याला पॉवर द्या. वायरच्या टोकाला मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा, पॉवर बंद करा आणि मगच ती पिनमध्ये खोचा.