बेळगावच्या अंगणासाठी बार्बेक्यू निवडताना

धुराची चव आपल्याला नवी नाही. निखाऱ्यावरचं वांगं, चुलीवरचं मटण, वाटीत निखारा ठेवून तूप सोडून दिलेली धुरी, हे सगळं घरोघरी चालत आलेलं आहे. म्हणूनच बार्बेक्यू किंवा स्मोकर घेताना दुकानातल्या चकाकीकडे न बघता चूल डोळ्यासमोर आणा.

१. आधी काय करणार ते ठरवा

चुलीच्या तोंडावर जाळ थेट लागतो आणि शेजारच्या वैलावर नुसती धग पोचते. ग्रिल म्हणजे तोंड, स्मोकर म्हणजे वैल. कबाब, कारवारचा बांगडा, कणीस, पनीर यांना थेट धग लागते, २०० ते २५० अंशांची, काही मिनिटांपुरती. मटणाची अख्खी रान मऊ करायची तर १०५ ते १२० अंशांवर चार-पाच तास धुरात ठेवावी लागते. महिन्यातून एकदा कबाब आणि वर्षातून दोनदा रान, असा बेत असेल तर वेगळा स्मोकर घेऊ नका. झाकणाची गोल कोळशाची भट्टी, जिला केटल म्हणतात, दोन्ही करते. निखारे एका बाजूला ओढायचे, मांस दुसऱ्या बाजूला ठेवायचं, झाकण लावायचं, झाला वैल.

२. जागा

कोळसा पेटवायचा तो उघड्यावरच. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि खिडकी उघडी ठेवली तरी तो खोलीत साठतो. बंद गॅलरीत, काचा लावलेल्या बाल्कनीत, गॅरेजमध्ये कोळशाची भट्टी कधीच नको. टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी विजेचा ग्रिल घ्यावा. २००० वॅटच्या ग्रिलला १६ अँपियरचं सॉकेट लागतं, ते आधी पाहा. धुराची चव हवी तर शेवटी धुरी द्या, पण तो एक निखारासुद्धा खिडकीपाशी, पंखा लावून. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांना मागे परडं असतं, तिथं कोळशाची भट्टी छान बसते. भिंत, वाळत घातलेले कपडे आणि प्लास्टिकचं छत यांपासून ती दीड-दोन मीटर लांब राहू दे.

३. झाकण आणि हवा: इथं घाई करू नका

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे लगेच कळेल. पाणी तापलं की आई आतून म्हणायची, "खालचं दार अर्धं लाव की, जाळ उगीच जातोय." भट्टीची सगळी विद्या त्या दारात आहे. खालून हवा आत येते, वरून धूर बाहेर जातो आणि या दोन वाटा कमी-जास्त करूनच आच आवरायची असते. खाली आणि झाकणावर, दोन्हीकडे सरकणारी झडप नसेल तर ती भट्टी कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

दुकानात दोन गोष्टी करून पाहा. मोबाइलची बॅटरी लावून फोन आत ठेवा, झाकण नीट लावा आणि अंधारात कडेनं उजेड दिसतो का बघा. मग झाकणाच्या फटीत वर्तमानपत्राची पट्टी धरून ओढा. ती सहज निसटली तर तिथून हवाही शिरणार. झाकणावरचा तापमापक अंदाजापुरताच असतो, कारण तो जाळीपासून वर असतो. टोचायचा वेगळा तापमापक घ्या. हा खर्च मला सर्वांत जरुरीचा वाटतो.

४. पत्रा

उद्यमबागेत फॅब्रिकेशनची कामं होतात, त्यामुळे आपल्याकडे करवून घेण्याचीही सोय आहे. साधा लोखंडी पत्रा निदान २ मिलिमीटरचा सांगा, स्मोकरसाठी ३ असेल तर धग टिकते. जाळी ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची, ६ मिलिमीटर सळईची, आणि दर्जा बिलावर लिहून घ्या. लोहचुंबक लावून खात्री होत नाही, कारण स्वस्त २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आगीजवळ नकोच. तो तापून निघणारा धूर बाधतो. जुन्या २०० लिटरच्या ड्रमचा स्मोकर चांगला होतो, पण तो खाद्यतेलाचा असावा आणि आतलं अस्तर आधी जाळून काढावं. रंगाचा किंवा औषधाचा ड्रम कितीही जाळला तरी नको.

पाच-सहा माणसांना ४७ ते ५७ सेंटिमीटर व्यासाची जाळी पुरते.

५. जळण

लाकडी कोळसा किंवा करवंटीचा कोळसा वापरा. दगडी कोळसा नाही. धुरासाठी पेरू किंवा चिंचेचे वाळलेले तुकडे उत्तम. खानापूर-चंदगडकडे काजूचं लाकूड सहज मिळतं, पण त्याचा चीक त्वचेला भाजतो, म्हणून मी ते टाळते. निलगिरी, प्लायवूड आणि रंगवलेली फळीही टाळा.

६. पावसाळा

माझी पहिली भट्टी पातळ पत्र्याची होती. गटारीला वापरली, श्रावण लागला म्हणून तशीच झाकून ठेवली. गणपतीनंतर उघडली तेव्हा तळाला बोट जाईल एवढं भोक पडलेलं. आत राहिलेल्या राखेनं ओल धरून ठेवली होती. जाड पत्राही याला अपवाद नाही. म्हणून भट्टी निवडताना राख काढायचा ट्रे सुटा येतो का आणि भट्टी उचलून पडवीत ठेवता येते का, हे पाहा. राख थंड झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी काढा आणि पावसाळ्याआधी जाळीला तेलाचा हात द्या.

७. पहिला दिवस

नवी भट्टी रिकामीच पेटवा. जाळीला तेल पुसून, झाकण लावून तासभर तापू द्या, म्हणजे कारखान्यातलं वंगण जळून जातं. त्यानंतर पहिल्यांदा कोंबडीच्या तंगड्या करा. आच थोडी चुकली तरी त्या कोरड्या पडत नाहीत. हाडाला न टेकवता तापमापक टोचा. ७४ अंश दिसल्याशिवाय उतरवू नका, आणि मऊ हव्या असतील तर ८० पर्यंत थांबा.