शाळकरी मुलांचा क्षयरोग : दंडावरच्या व्रणावर विसंबू नका

लसीकरणाच्या कार्डावर ‘बीसीजी’समोर तारीख दिसली की क्षयरोगाचा विषय मिटला, असे बहुतेक पालक धरून चालतात, परंतु जन्मानंतर डाव्या दंडात टोचली जाणारी ही लस मुख्यतः लहानपणी मेंदूच्या आवरणाला होणारा आणि सर्वांगात पसरणारा क्षय टाळते, फुप्फुसांच्या क्षयाबाबत मात्र तिचा तितका भरवसा देता येत नाही. म्हणून ती चुकवावी असे नव्हे. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार ती वर्षाच्या आत घ्यायची असते. व्रण उमटला नाही म्हणून आठ वर्षांच्या मुलाला ती पुन्हा देण्याचा आग्रह धरू नये.

शाळेच्या वयात उपयोगी पडते ती नियमित चौकशी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, घटलेले अथवा अडलेले वजन आणि मानेतील गाठ यांकडे वर्गशिक्षकांनी लक्ष ठेवावे. पण माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न, घरात कोणाला टीबी आहे का, हाच आहे, कारण मुलांना लागण बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच होते. नवी मुंबईतील दिघा, तुर्भे किंवा ठाण्यातील कळव्याच्या दाट वस्तीत एकाच खोलीत पाच-सहा जण झोपत असतील, तर हे सांगायला नको. हा प्रश्न वर्गात सर्वांदेखत न विचारता पालकांना एकटे गाठून विचारावा, नाहीतर उत्तर नकारार्थीच येईल.

संशय आल्यास महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा वाशी, ऐरोली, नेरूळ, कळवा येथील पालिका रुग्णालयांत जावे. तेथे छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी सांगितली जाते. लहान मुले थुंकी गिळतात, त्यामुळे कधी सकाळी उपाशीपोटी जठरातील द्रव घ्यावा लागतो. हातावर टोचून केली जाणारी मांटू ही त्वचेची चाचणी टोचल्यापासून 48 ते 72 तासांत वाचून घ्यावी लागते, तेव्हा सुट्टी आड येणार नाही असा वार निवडावा. लाली नव्हे, तर कडक फुगवटा मोजतात. साधारणतः 10 मिलिमीटर किंवा अधिक फुगवट्याचा अर्थ जंतू शरीरात शिरले असावेत एवढाच, आजार झाला असा नव्हे.

घरात रुग्ण असेल आणि मुलाला आजार नसल्याची खात्री झाली असेल, तर डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात : सहा महिने रोज, किंवा वयानुसार आठवड्यातून एकदा असे 12 डोस. सरकारी केंद्रांत ते मोफत आहे. मूल धडधाकट दिसत असल्यामुळे मे महिन्यात गावी जाताना याच गोळ्या घरी राहतात, म्हणून सुट्टीपुरते डोस आधीच मागून घ्यावेत.