टेबलटॉप रोलप्लेइंग गेम : पहिला डाव कसा मांडावा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे एकत्र बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन, बोलत-बोलत कथा पुढे नेण्याचा खेळ. हा खेळ शिकण्यासाठी आधी जाडजूड नियमपुस्तक पाठ करावे लागते, अशी समजूत नवख्यांना दूर ठेवते. प्रत्यक्षात चार-पाच जण, कागद-पेन्सिल, फासे आणि तीन-चार तासांची सवड एवढ्यावर पहिला डाव उत्तम होतो. खानदेशात हिवाळ्यात शेतावर भरिताला जमणारी मंडळी जेवणानंतर सहज हा डाव मांडू शकतील.

या प्रकारातील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. त्यात एक जण गेम मास्टर होऊन प्रसंग सांगतो व इतर सर्व पात्रांच्या वतीने बोलतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते काय करते हे सांगतात.

समजा, कथा खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळात, धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर घडते आहे आणि आत कोंडलेल्या वैद्याला सोडवायचे आहे. अंधारातून पहारेकरी ओरडतो, “कोन शे रे तठे?” एक खेळाडू सांगतो, “मी थाळनेरहून आलेला धान्याचा व्यापारी आहे, असे त्याला पटवतो.” हे साधेल की नाही याची खात्री नसल्यामुळे गेम मास्टर १५ हे लक्ष्य ठरवतो. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो आणि पात्राच्या वाक्चातुर्याचे ३ गुण त्यात मिळवतो. म्हणजे फाशावर १२ किंवा अधिक पडले तर काम फत्ते, आणि ही शक्यता ४५ टक्के असते. फासा उलटा पडला तरी कथा थांबू देऊ नये : पहारेकरी त्याला पकडून थेट किल्लेदारासमोर उभे करतो, म्हणजे तो आत पोहोचतोच, पण संशयित म्हणून. माझ्या मते गेम मास्टरचे खरे कसब इथेच दिसते. उघड्या दारातून आत जाण्यासाठी मात्र फासा टाकायला लावू नये.

वीस बाजूंचा फासा नसल्यास १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून एक उचलावी आणि प्रत्येक वेळी परत टाकावी.

पहिल्या वेळी तयार पात्रे वापरावीत, एका बैठकीत संपेल एवढीच कथा घ्यावी आणि कोणाला कोणते विषय नकोत हे सुरुवातीलाच मोकळेपणाने विचारून घ्यावे. अबोल खेळाडूला गेम मास्टरने नाव घेऊन विचारावे, “तुझे पात्र आता काय करते आहे?”