गणित येतं, तरी मार्क जातात: ऑनलाइन स्पर्धांमधल्या या चुका टाळा

दर सीझनला तेच. निकाल लागला की मेसेज येतो, "मॅडम, त्याला सगळं येत होतं हो, मग मार्क गेले कुठे?" येत होतं, मान्य. मी नवी मुंबईत कोपरखैरण्याला शनिवार-रविवार तिसरी ते आठवीची पोरं गणित स्पर्धांच्या तयारीसाठी घेऊन बसते, त्यामुळे मार्क कुठे जातात ते मला आता पाठ झालंय आणि गणितात ते फार कमी वेळा जातात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आहे टाइम झोनची, आणि ती पोरांची नाही, आईबाबांची. अमेरिकेतल्या स्पर्धांची वेळ बऱ्याचदा ईस्टर्न टाइममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या वेळेत, लिहिलेली असते. थंडीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचे लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा. घणसोलीचा एक पाचवीतला मुलगा होता, फेब्रुवारीत पहिली फेरी दिली, तिकडचे शनिवारी रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहा, झकास झाली. दुसरी फेरी मार्चच्या शेवटी, वेळ तीच, रात्री आठ. बाबांनी बिनधास्त मागचाच अलार्म ठेवला, सगळं घर उठलं, दूध-बिस्किटं झाली, नवा कोरा माउस जोडला, लॉगिन केलं तर समोर "स्पर्धा संपली आहे". तासाभराचा पेपर साडेपाचला सुरू होऊन संपलासुद्धा होता. बाबा लगेच आयोजकांना खरमरीत मेल लिहायला बसले, आता यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष? पोरगा मात्र शांतपणे म्हणाला, "मग मी खाली क्रिकेटला जाऊ?" त्या घरात तेवढा एकच माणूस शहाणा होता. मी काय करते, स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोबाइलवर न्यूयॉर्कचं घड्याळ लावून बघते आणि भारतीय वेळ मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवायला सांगते. मागच्या फेरीची वेळ आठवून काहीही ठरवायचं नाही.

दुसरी चूक, प्रश्न अर्धाच वाचणं. पोरं स्क्रीनवर प्रश्न वाचत नाहीत, रील सरकवावं तसा सरकवतात. माझा नेहमीचा प्रश्न घ्या: १ ते १०० मध्ये ७ हा अंक किती वेळा येतो? एककाच्या जागी १० वेळा, दशकाच्या जागी १० वेळा, उत्तर २०. आता प्रश्न थोडा बदला, ७ हा अंक असलेल्या संख्या किती? उत्तर १९, कारण ७७ दोनदा मोजायची नाही. दोन्ही प्रश्न लागोपाठ दिले तरी निम्मा वर्ग दोन्हीकडे २० लिहितो आणि वर "सेमच तर आहे" म्हणतो. माझी सवय अशी की नेमकं काय विचारलंय तेवढं आधी वहीत लिहायचं, "वेळा" की "संख्या", मग पेन चालवायचं. आणि हो, वही लागतेच. लॅपटॉपकडे टक लावून मनातल्या मनात सोडवणाऱ्या पोरांना मी सरळ उठवून कागद आणायला पाठवते, मग आई दारातून कितीही म्हणू दे की त्याचं मेंटल मॅथ्स फार स्ट्राँग आहे.

उत्तराची पेटी हा वेगळाच ताप. आकडा मागितला की फक्त आकडा, "सेमी" नको, "रु." नको, आणि १,२५,००० मधले स्वल्पविराम तर अजिबात नकोत. एका मुलीने आईच्या फोनवरून पेपर दिला, कीबोर्ड मराठीवर राहिला होता, सगळे आकडे देवनागरीत गेले आणि सिस्टिमने एकूण एक उत्तर चूक धरलं. सराव पेपर द्यायचा कंटाळा केला की असं होतं, तो द्यायचा आणि त्याच डिव्हाइसवर द्यायचा.

आता शॉर्टकट. व्हिडिओ बघून आलेली पोरं ११ ने गुणायची ट्रिक घेऊन येतात, दोन अंकांची बेरीज करा आणि मध्ये ठेवा. २३ × ११ = २५३, वा! मग ७५ × ११ दिलं की ७ आणि ५ च्या मध्ये १२ ठेवून बिनदिक्कत ७१२५ लिहितात. ७५ ला १० ने गुणलं तरी ७५० होतात रे, मग अकराने सात हजार कुठून आले? हातचा धरला की ८२५ येतं, पण हातचा का धरायचा ते त्या व्हिडिओत नसतं. ज्याला ट्रिक का चालते ते सांगता येत नाही त्याने ती माझ्याकडे वापरायची नाही, मग कितीही हळू होईना.

निगेटिव्ह मार्किंग आहे का ते आधी बघा. एएमसी ८ मध्ये, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांच्या अमेरिकन गणित स्पर्धेत, २५ प्रश्न, ४० मिनिटं आणि चुकीला वजा काही नाही, तिथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध आळस.

"एका महिन्यात मेडल येईल ना?" असं विचारणाऱ्यांसाठी: शाळेतून फॉर्म भरता ती ऑलिम्पियाड आणि १९५९ पासून चालू असलेली खरी इंटरनॅशनल मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नावं सारखी वाटली तरी. खरीत देशाची सहा मुलांची टीम असते, दोन दिवस, रोज साडेचार तासांत तीन प्रश्न, तेही कागद-पेनवर. तिचा रस्ता आयओक्यूएम, आरएमओ, आयएनएमओ या भारतातल्या एकापुढच्या एक निवड परीक्षांमधून जातो आणि तो कार्यक्रम बघणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दलाच आहे. तिसरीतल्या पोराला त्याची घाई नको, आधी त्याला अपूर्णांक नीट येऊ द्या.

पेपर चालू असताना मागे उभं राहून "अरे हे तर सोप्पंय" म्हणू नका. कॅमेरा चालू असतो, आवाजही जातो, आणि पोरगं उत्तर खोडून तुमच्याकडे बघत बसतं.